साडेनऊशे अंशांवरची सही

कुठे ओळख करून द्यायची वेळ आली की मी सांगते, आमची कंपनी ट्रे बनवते. समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच चहाचा ट्रे येतो. आमच्या सेक्टरमधल्या एका बाईंनी तर मला हळदीकुंकवाला वाटायला पन्नास ट्रे मिळतील का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, आमचा एक ट्रे उचलायला दोन माणसं लागतात आणि तो भट्टीत ठेवायचा असतो. त्या थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "नको मग. डबे बघते."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, घरापासून चालत बारा मिनिटांवर, मी एकवीस वर्षं नोकरी करते आहे. धातुशास्त्र शिकले ते विमानं बनवायच्या इराद्याने. बनवते आहे ट्रे. गाड्यांचे गिअर कडक करायचे असतात तेव्हा ते एका जाळीदार ट्रेवर रचून भट्टीत ढकलतात. आत साडेनऊशे अंश. काही तासांनी ट्रे गिअरांसकट बाहेर येतो आणि तसाच तेलात बुडतो. गिअर धुऊन-पुसून गाडीत बसायला निघून जातात आणि ट्रे दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीत. वर्षानुवर्षं. साधं पोलाद घातलं तर आठवड्याभरात त्याचे पापुद्रे निघतात आणि मधोमध पोट सुटतं. म्हणून ट्रेसाठी निकेलचे सुपरअलॉय वापरतात, म्हणजे निकेलमध्ये क्रोमियम आणि इतर चार-पाच धातू मापात मिसळून केलेले मिश्रधातू. त्यांना नावं असतात, पण धंद्यात कोणी नावं घेत नाही. सहाशे, सहाशे एक, सहाशे पंचवीस, सातशे अठरा. बिल्डिंगमधली माणसं फ्लॅट नंबराने ओळखावीत तशी.

यांतला कुठला कुठे वापरायचा, हे सांगणं माझं काम. यात काही दैवी ज्ञान नाही. एक प्रश्न विचारायचा असतो: किती गरम? बाकीचं त्याच्यामागून येतं.

तो प्रश्न न विचारता तुलना कशी करतात, ते मला आमच्या छोट्या साहेबांनी दाखवलं.

छोटे साहेब म्हणजे मालकांचे चिरंजीव. वय चव्वेचाळीस, पण मोठे साहेब अजून रोज कामावर येतात म्हणून हे छोटेच राहिले. मोठ्या साहेबांनी एका वेल्डिंग मशीनवर कंपनी उभी केली. छोट्या साहेबांनी तिचा लोगो तीन वेळा बदलला. माणूस वाईट नाही. सणाला सगळ्यांच्या घरी मिठाई पाठवतात, कोणाची आई आजारी असली तर स्वतः फोन करतात. फक्त त्यांना प्रदर्शनाला पाठवू नये. जिथून जातील तिथून काहीतरी उचलून आणतात, आणि ते पुढे वर्षभर आम्हाला पुरतं.

त्या वर्षी ते परदेशातल्या एका प्रदर्शनातून धातूची एक चकती घेऊन आले. माझ्या टेबलावर ती टण्णकन ठेवली.

"मॅडम, ओळखा."

मी मागचा शिक्का वाचला. "सातशे अठरा."

"विमानाच्या इंजिनात असतो हा! जेट इंजिनात! आणि आपण अजून सहाशे एक, सहाशे एक करत बसलोय."

"सर, हा साडेसहाशे अंशांपर्यंत राजा आहे. आपल्या भट्ट्या साडेनऊशेच्या."

"म्हणजे जेट इंजिन गरम नसतं?"

प्रश्न चांगला होता, हे मान्य करायला हवं. मी त्यांना समजावलं की इंजिनात सगळीकडे सारखी गरमी नसते. सातशे अठरा बसवतात ती जागा त्या मानाने थंड, आणि खऱ्या आगीतली पाती निराळ्याच धातूची. सातशे अठराची ताकद येते ती त्याच्या पोटात तयार होणाऱ्या अतिबारीक कणांमुळे. साडेसहाशेच्या वर ते कण फुगायला लागतात, मग रूप बदलतात, आणि आणखी वर गेलं की विरघळायला लागतात. "साडेनऊशेच्या आसपास तर आपण त्याला मुद्दाम ठेवतो सर, मऊ करायचा असेल तेव्हा. तीच त्याला नरम करायची रीत आहे."

"पण विमानात असतो ना?"

"हो, असतो."

"बस्स," ते म्हणाले. माझ्या पाच मिनिटांतलं त्यांनी एवढंच नेलं.

महिन्याभरात अंधेरीहून सल्लागार आले. कंपनीला शिस्त लावायला छोट्या साहेबांनी त्यांना नेमलं होतं. उंच, सुगंधी, आणि बोलताना हवेत अदृश्य चौकोन काढणारे. ते आम्हाला 'टीम' म्हणत. आमच्या वेल्डिंगवाल्यांना एकवीस वर्षांत कोणी टीम म्हटलं नव्हतं. ते बिचारे मागे वळून बघत, की हा कोणाशी बोलतोय. भांडुपच्या एका गिअर कारखान्याकडून मोठी ऑर्डर येऊ घातली होती आणि त्यासाठी 'शास्त्रशुद्ध तुलनात्मक अभ्यास' करायचा होता. सल्लागारांनी माझ्याकडून चारही धातूंची माहिती मागवली. मी नीट, प्रत्येक तापमानाचे आकडे देऊन अकरा पानं पाठवली.

पडद्यावर आलं ते एका पानावर. चार धातू, पाच रकाने, शंभर गुण. ताकदीला चाळीस, गंज न लागण्याला वीस, वेल्डिंगला पंधरा, मिळण्याला दहा, आणि 'ब्रँड प्रतिमा' या गोष्टीला पंधरा. सातशे अठरा पहिला. सहाशे एक, जो आमच्या ट्रेंमध्ये वर्षानुवर्षं मुकाट्याने भाजून घेत होता, तो शेवटून पहिला.

मी हात वर केला. "ताकदीचे हे आकडे कुठल्या तापमानाचे?"

सल्लागारांनी कागद चाळले. "स्टँडर्ड तापमानाचे."

"म्हणजे खोलीच्या?"

"म्हणजे... स्टँडर्ड."

मी एसीच्या रिमोटकडे बघितलं. चोवीस. त्या खोलीत सातशे अठरा खरोखरच सर्वोत्तम होता. तिथे ट्रे ठेवला असता तर शंभर वर्षं वाकला नसता.

"मी अकरा पानं दिली होती," मी म्हणाले. "पाचव्या पानावर साडेनऊशेचे आकडे आहेत."

"मॅडम, डेटा खूप असला की निर्णय हरवतो," सल्लागार म्हणाले. छोट्या साहेबांनी हे वाक्य लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग सल्लागारांनी पुढचं पान लावलं, आणि तिथे खरी वाट लागली. सातशे अठराची ताकद सहाशे एकच्या तिप्पट-चौपट, म्हणून ट्रेची जाडी निम्मी करायची. हलका ट्रे, कमी इंधन, झकास चित्र. चित्रात ट्रेवर एक हिरवं पानही काढलं होतं.

खाली भट्टीवर आले तर आमचे काका स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. काका आमच्या चाचणीच्या भट्टीवर तीस वर्षं आहेत. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसे हे धाकट्या भावंडांसाठी मिळेल त्या कामाला लागले आणि भट्टीपाशी येऊन थांबले. आतल्या रंगावरून तापमान सांगतात. मीटर बिघडलं तर आधी त्यांना कळतं, मग मीटरला. मी त्यांना वरची हकिगत सांगितली.

"निम्मी जाडी?" काका म्हणाले. "आणि साडेनऊशेक?"

"हो."

"बाय, तां पापड भाजूचा काम झाला." आणि सुपारी तोंडात टाकून उठले. "पट्टये काप. लावया."

आम्ही दोन पट्ट्या कापल्या, एक सहाशे एकची, एक सातशे अठराची, दोन्ही सारख्या जाडीच्या. भट्टीत दोन विटांवर पुलासारख्या आडव्या ठेवल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध सारख्या वजनाचा ठोकळा. सकाळी आठला भट्टी चढवली. जेवणाच्या सुट्टीत काकांनी झरोक्यातून बघितलं आणि मला हाक मारली. मी काळा चष्मा लावून वाकले. केशरी उजेडात सहाशे एकची पट्टी जवळजवळ सरळ होती. विमानातली पट्टी ठोकळ्यासकट खाली लोंबली होती, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या सतरंजीसारखी.

"निम्मी जाडी केली नाय अजून," काका म्हणाले. "सारखीच आसत दोनव."

संध्याकाळी दोन्ही पट्ट्या थंड करून मी वर घेऊन गेले. सातशे अठराच्या अंगावरची खपली टेबलाच्या काचेवर पडली. छोट्या साहेबांनी ती फुंकून बाजूला केली.

"एकच नमुना आहे, मॅडम."

"आणखी दहा लावते."

"आणि आपली भट्टी जुनी आहे. मीटर कॅलिब्रेट कधी केलं होतं?"

"मागच्या महिन्यात."

"बघा म्हणजे, महिना झाला." ते समजुतीने हसले. "तुमचं आणि काकांचं सहाशे एकवर प्रेम आहे, मला माहितीये. पण बदलायला हवं ना. ऑर्डरवाल्यांनाही हाच पाहिजे, त्यांना मी सांगितलंय. विमानाचा धातू ऐकून तिकडचे मोठे लोक उभे राहिले खुर्चीतून."

हे सगळं मी इतक्या तपशिलात सांगते आहे ते माझी बाजू भक्कम दिसावी म्हणून. कारण पुढची गोष्ट माझ्या बाजूची नाही.

चार दिवसांनी 'तुलनात्मक निवड अहवाल' माझ्या टेबलावर आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर विमान. शेवटच्या पानावर 'तांत्रिक मान्यता' असं लिहिलेलं आणि खाली माझ्यासाठी रेघ. माझी सही नसेल तर ऑर्डरची कागदपत्रं पुढे सरकत नाहीत, असा मोठ्या साहेबांचाच जुना नियम होता. म्हणजे मी पेन टोपणात ठेवून गप्प बसले असते तरी पुरे होतं. एवढा अधिकार माझ्याकडे होता.

मी काय केलं? मुलीची बारावी होती. नवऱ्याच्या बँकेत कोणाकोणाला लांब बदली मिळत होती. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी एवढंच होतं की दुपारचे चार वाजले होते, छोटे साहेब दारात उभे राहून "मॅडम, प्लीज" म्हणत होते, आणि मला पुन्हा एकदा हट्टी बाई ठरायचं नव्हतं. मी अहवालाची फाइल कंप्युटरवर उघडली, सहीच्या वरती मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ घातली, 'वरील ताकद खोलीच्या तापमानाची. ६५० अंशांपुढे वापरापूर्वी पडताळणी करावी', पान पुन्हा छापलं आणि सही केली. मनाला म्हटलं, खरं ते लिहिलं आहे, ज्याला वाचायचं तो वाचेल. ज्याला वाचायचं असतं त्याच्यासाठी माणूस इतकी बारीक अक्षरं काढत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

काकांनी विचारलं, "सही केलंस?"

"सहीच्या वर टीप टाकलीये."

दुसऱ्या दिवसापासून ते मला बाय न म्हणता मॅडम म्हणायला लागले.

ट्रे बनले. दिसायला इतके सुंदर ट्रे आम्ही कधी बनवले नव्हते. पातळ, चकचकीत, एका माणसाला उचलता येणारे. छोट्या साहेबांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. टेम्पोवर चढवताना नारळ फोडला.

तिसऱ्या आठवड्यात तोच टेम्पो परत आला. मी गेटवर गेले. ताडपत्री काढली तेव्हा सगळी टीम जमली होती, आणि या वेळी कोणी मागे वळून बघितलं नाही. एकही ट्रे सपाट नव्हता. काही मधून खोल झाले होते, काहींच्या कडा वर आल्या होत्या, दोन एकमेकांत अडकून बसले होते. एका ट्रेला गिअरांचा ठसा उमटला होता, शिक्का मारावा तसा. वेल्डिंगवाला एक जण म्हणाला, "यात आता वरण वाढा," आणि सगळे हसले. हसायलाच हवं होतं. त्याने तीन आठवडे त्या जाळ्या जोडल्या होत्या.

भांडुपच्या कारखान्यात ट्रे भट्टीतच अडकले होते. भट्टी थंड करून माणसांनी आत उतरून ते ओढून काढले. गिअर भंगारात गेले. कोणाला मोठी इजा झाली नाही, हे आमचं नशीब, अहवालाचं कर्तृत्व नव्हे.

कारण शोधायला पुन्हा अंधेरीहून तेच सल्लागार आले. ज्याने खड्डा खणला त्यालाच खोली मोजायला बोलावायचं, ही आमच्याकडची पद्धत. दोन दिवस ते फिरले, सगळ्यांशी गोड बोलले, आणि चौकोनांनी भरलेला दुसरा अहवाल दिला. निष्कर्ष मला अजून तोंडपाठ आहे: 'वापरकर्त्याने उत्पादन उच्च तापमानास ठेवल्यामुळे विकृती उद्भवली.'

भट्टीचा ट्रे गरम जागी ठेवला, हा त्यांचा गुन्हा.

मला हसू यायच्या आत छोटे साहेब उठून माझ्यापाशी आले. चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. "मॅडम, तुम्ही ग्रेट आहात! तुमच्या टिपेने वाचवलं आपल्याला. साडेसहाशेच्या पुढे पडताळणी करावी, आपण लेखी दिलंय! त्यांनी केली नाही. विषय संपला." त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला. टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या या कामासाठी.

मी माझ्या अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून जी ओळ लिहिली होती, तिची आता छत्री करून सगळी कंपनी तिच्याखाली उभी राहणार होती, आणि भांडुपवाले भिजणार होते. वर चूक त्यांचीच असं सांगणारं पत्र घेऊन भांडुपला मीच जायचं ठरलं. "टीप तुमची आहे, तुम्ही नीट समजावाल," छोटे साहेब म्हणाले.

कंपनीच्या गाडीतून गोरेगाव-मुलुंड रस्त्याने निघाले. ड्रायव्हरशेजारी काका होते. वाकलेल्या ट्रेंचे उरलेले तुकडे ओळखून घ्यायला त्यांना पाठवलं होतं. भांडुप आलं तसं काका पुढे बघत म्हणाले, "मॅडम, काय सांगशात त्यांका?"

"पत्र देणार."

"पत्र तर पोस्टमनव देता."

गिअर कारखान्यात ज्यांना भेटायचं होतं ते भट्टी विभागाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. भट्टीत उतरलेल्यांत ते स्वतःही होते. एका हाताला मलम लावलेलं होतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, पत्र वाचलं, उलटं करून टेबलावर ठेवलं.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुम्हाला माहीत होतं?"

मी पूर्ण प्रवासात या प्रश्नाची तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही सभ्य. पण त्यांच्या हाताकडे बघून ती सुचेनात.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं. आम्ही पट्टी लावून बघितली होती. वाकली होती. तरी मी सही केली."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते अशा माणसासारखे हसले की ज्याला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी गाववाला भेटला आहे. त्यांनी खणातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मूळ मागणीच्या कागदावर त्यांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं: सहाशे एक, पूर्ण जाडी. त्यावर लाल पेनाने कोणीतरी काट मारून 'सातशे अठरा, हलकं डिझाइन' केलेलं. आणि कोपऱ्यात पुन्हा यांचं अक्षर, बारीक: 'तापमानाबाबत चर्चा व्हावी.' त्याखाली त्यांची सही.

"आमच्याकडे परदेशी पाहुणे यायचे होते," ते म्हणाले. "वरच्यांना त्यांना दाखवायचं होतं, बघा, विमानाच्या धातूचे ट्रे. मला माहीत होतं काय होणार. मी पण टीप टाकली, आणि मी पण सही केली."

"मग चर्चा झाली?"

"कोण करणार? मी लिहिलं व्हावी म्हणून. करतो असं कुठे लिहिलं?"

आम्ही दोघं चहा प्यालो. दोन कारखाने, मिळून तीसेक वर्षांचं शिक्षण आणि साठ वर्षांचा अनुभव, आणि दोघांनी मिळून दोन बारीक ओळी लिहिल्या होत्या. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. लाजेत सोबत मिळाली की ती कमी होते हे खरं नाही. फक्त बसायला जागा होते.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता हे पत्र मी परत नेते," मी म्हणाले, "आणि दुसरं लिहिते. मोठ्या अक्षरात."

"मग मी पण एक लिहितो," ते म्हणाले आणि खिशातलं पेन काढलं. "आमचीही चूक आहे ती येऊ दे त्यात."

बाहेर आले तर काका तुकडे मोजून उभे होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, भूक लागली. ह्या रस्त्यार बरे वडे गावतत." आम्ही गाडी थांबवून दोन-दोन वडे खाल्ले. ड्रायव्हरने चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. भांडुपहून माझ्याबरोबर आलेलं पत्र आणि माझं मोठ्या अक्षरातलं पत्र, दोन्ही त्यांच्यापुढे होती. मोठे साहेब आवाज चढवत नाहीत. त्यांचा आवाज उतरतो, आणि तो उतरला की माणूस घाबरतो.

"तुम्ही त्यांना सांगितलंत, की आपल्याला माहीत होतं?"

"हो साहेब."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

ते चष्मा पुसत बसले. मी राजीनाम्याचं पहिलं वाक्य मनात जुळवत होते. कदाचित थोडी शौर्याची हौसही होती. मुलीला सांगायला बरं असतं.

"ते ठीक केलंत," ते म्हणाले. "पण सही करायच्या आधी मला का नाही विचारलंत? मी वरच्या मजल्यावर असतो. रोज असतो. दार उघडं असतं. ती वाकलेली पट्टी माझ्याकडे का नाही आणलीत?"

छोट्या साहेबांची तक्रार वडिलांकडे कशी न्यायची, असं काहीतरी मी पुटपुटले.

"मुलगा माझा आहे," ते म्हणाले. "संकोच मला वाटायला हवा. तुम्हाला कसला?"

राजीनाम्याचं वाक्य मी गिळलं. त्या खोलीतून बाहेर पडताना माझ्याकडे शौर्याचं काहीच उरलं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

सगळे ट्रे नव्याने केले. सहाशे एक, पूर्ण जाडी, दोन माणसांनी उचलायचे. आमच्या खर्चाने. भांडुपच्या गृहस्थांनी सहा महिन्यांनी निवृत्त होताना मला फोन केला. ट्रे सपाट आहेत, एवढंच म्हणाले. त्यांच्या कारखान्यातून त्यानंतर ट्रेबद्दल कोणाचा फोन नाही. चांगल्या ट्रेबद्दल कोणी फोन करत नाही. परदेशी पाहुणे येऊन गेले. त्यांनी म्हणे ट्रेकडे बघितलंही नाही, कँटीनमधल्या साबुदाणा खिचडीचे फोटो काढले.

सल्लागारांचं काय झालं, असं ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. त्यांना काढलं असेल अशी लोकांची भाबडी समजूत असते. ते आहेत. आता दर तिमाहीला 'अपयशातून शिकणे' या विषयावर आमचं शिबिर घेतात. वाकलेल्या ट्रेचा फोटो त्यांच्या पहिल्याच पानावर असतो, आणि त्यावर हिरवं पान आहेच. छोटे साहेबही अंधेरीला एका उद्योजकांच्या संमेलनात या विषयावर बोलून आले. मी श्रोत्यांत होते. 'आम्ही धाडस केलं, आम्ही शिकलो,' असं ते म्हणाले. प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारलं, की हा धातू मुळात निवडला कोणी? ते म्हणाले, "टीमने." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघून प्रेमाने मान हलवली. तेही खोटं नव्हतं, म्हणून मला काही करता आलं नाही.

गेल्या महिन्यात ते पुन्हा प्रदर्शनाला गेले होते. आम्ही सगळे मिळून अडवू शकलो नाही. या वेळी टेबलावर इंजिनाचं पातं आलं, बोटभर लांब.

"मॅडम, सिंगल क्रिस्टल! अख्खं पातं म्हणजे एकच स्फटिक. आत जोड नाही, सांधा नाही, काही नाही. आणि हे साडेनऊशेलाही टिकतं, मी विचारून आलोय. तुमचा प्रश्न मी स्वतः विचारला!"

खरंच विचारला होता. माझा ऊर भरून आला.

"टिकतं सर," मी म्हणाले. "हजारालाही टिकेल."

"मग ट्रे करू या ना याचा!"

बोटभर पातं एका स्फटिकात ओतताना जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांना घाम फुटतो. आमचा ट्रे कॅरमबोर्डाएवढा. मी सल्लागारांची वाट बघितली नाही, अकरा पानं लिहिली नाहीत. "नाही," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. मग पातं हातात घेतलं, त्यांचा हात धरला नाही एवढंच, आणि त्यांना घेऊन जिना चढून मोठ्या साहेबांच्या उघड्या दारातून आत गेले. तासभर तिघं बसलो. मी ओतकाम समजावलं, साचे समजावले, एका चांगल्या ट्रेमागे किती वाया जातील ते कागदावर काढून दाखवलं. छोट्या साहेबांनी मनापासून ऐकलं. शेवटी पातं खिशात टाकत म्हणाले, "ठीक आहे. पण विचार करायला काय हरकत आहे?"

मोठे साहेब म्हणाले, "विचार कर. ऑर्डर करू नकोस."

तो विचार अजून चालू आहे.